जे नाही ते

शोरूममधल्या मुलाने मला
गाडीशी बोलायला सांगितलं.
ती उलट बोलली, गोड, बाईच्या आवाजात.
पुढे काय आडवं येणार हेही म्हणे ती आधी सांगते.
मी तीस वर्षं वीज मंडळात काढली.
ज्या पॅनेलवर दिवे जास्त
ते अंधारात आधी मरतं, एवढं मला कळतं.
चहा प्यायले, आभार मानले, निघाले.

बहोडापूर. ट्रान्सपोर्ट नगर. मे महिना.
लू अशी की पाना उचलायलाही फडकं लागतं.
बदरुद्दीन मिस्त्रींच्या आवारात, कडुनिंबाखाली, ती.
रंग कोणे एके काळी हिरवा,
काच खाली करायला हँडल,
खाली जाड पाटे, ट्रकची धाकटी बहीणच.
बॉनेट उघडलं तर इंजिनच्या कडेने जमीन दिसली.
हात कोपरापर्यंत सहज आत जातो.

"इसमें क्या-क्या नहीं है?" मी विचारलं.
मिस्त्री खूष झाले, बोटं मोडत मोजू लागले,
दोन्ही हातांची संपली
तेव्हा म्हणाले,
"दीदी, जो है ही नहीं, वो बिगड़ेगा कैसे?"

मला स्पितीला जायचंय. तिथून पुढे,
जिथे पुढचा पंप कुठे आहे हे
कुणी खात्रीने सांगत नाही, तिथे.
एकटीनं.
घरी हे बोलले तेव्हा भाऊ म्हणाला,
सेफ आहे का?
गाडी म्हणाला की मी, कळलं नाही.

मिस्त्रींनी किंमत सांगितलीच नाही.
जॅक माझ्या पायाशी ठेवला.
"पहले पहिया बदल के दिखाइए."
पाच नट, पाचही गंजलेले.
शेवटच्यासाठी मी पान्यावर उभीच राहिले,
त्रेसष्ट किलो,
आयुष्यात पहिल्यांदा वजन कमी वाटलं.
मग कर्र झालं.
पंक्चरवाली पोरं हातातलं टाकून बघत होती.
चाळीस मिनिटं. सलवारीला ग्रीस, गुडघ्यापर्यंत.

मग किंमत. मग घासाघीस, तीही रीतसर.
ताडपत्री नको, पत्र्याचं छत.
मागच्या सीटखाली लोखंडी पेटी, चेसीला वेल्ड केलेली.
डिझेलच्या टाकीला कुलूप.
आणि एक सांगताना जीभ अडखळली:
दारांना आतून कडी.
साधी, न्हाणीघराला असते तसली.

मिस्त्रींनी कशाला, असं विचारलं नाही.
चपला काढल्या, मागे जाऊन आडवे झाले,
डोळे मिटून हात लांबवला,
आणि जिथे पोचला
तिथे खडूने खूण केली.

गुरुवारी गेले तर कड्या बसलेल्या.
आत शिरले, तिन्ही लावल्या.
बाहेर हातोडे, कुणाचं तरी भांडण,
पत्र्यावरून घासत जाणारी लू.
आत नुसती भट्टी.
तरी बसून राहिले जरा वेळ,
कुठेच न जाता.
किल्ली अजून मिस्त्रींकडेच होती.