दीड फूट

तालमीच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकल्या,
भिंतीला माझा नकाशा चिकटपट्टीनं लावला.
निळी पूररेषा, तांबडी पूररेषा
आणि मधोमध ही गल्ली,
पेन्सिलीच्या दोन रेघांत मावलेली.

मी म्हणाले, नाल्यावर स्लॅब टाकू,
वर पस्तीस गाड्या लागतील,
रस्त्याला पेव्हर ब्लॉक, करडे आणि विटकरी.
टाळ्या झाल्या.
सगळ्यात मोठ्या हिंदुराव सासन्यांच्या;
कोपऱ्यावर त्यांचं दुकान,
गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा नाही.

मागनं राजाक्का गवळी उठल्या.
"बाई, म्हशी घसरतात त्यावर.
गेल्या साली गंगावेशीत एकीचा खुबा निखळला."
कुणीतरी हसलं. मीही, थोडंसं.
म्हशीसाठी माझ्याकडं चिन्हच नव्हतं.

"आणि पाणी?"
मी निळ्या रेषेवर बोट ठेवलं.
"ती नदीची. मी गल्लीचं इचारतोय."

मग घरी गेल्या,
गोठ्यातली भरली घागर कमरेवर घेऊन आल्या
आणि चढाच्या तोंडाशी
सरळ ओतली.

सभा उठली.
अध्यक्ष, वस्ताद, पोरं, चपला हातात घेऊन मी,
सगळे पाण्यामागं.
ते मुजावरांच्या उंबऱ्याशी थबकलं,
नळाच्या चरातनं वळलं,
नांदरुकाच्या मुळांत निम्मं जिरलं
(तिथं मी गोल ओटा दाखवला होता, सिमेंटचा)
आणि उरलेलं, घाई न करता, गेलं नेमकं
हिंदुरावांच्या पायरीखाली.

कुणी बोललं नाही.
दुकानाच्या भिंतीवर छातीएवढी एक मातकट रेघ,
तीनदा रंग देऊनही वर आलेली.
ती आम्ही सगळ्यांनी
पहिल्यांदा बघितल्यासारखी बघितली.

"दीड फूट मागं घेतो पायरी," हिंदुराव शेवटी म्हणाले.
"तीन," राजाक्का.
"दीड. आज्जानं बसवलेली हाय."
"पाणी आज्जाच्या आधीचं."
वस्ताद म्हणाले, चहा येऊ द्या.

रात्री नकाशा पुन्हा काढला.
स्लॅब खोडला. नाला उघडा,
काठाला उतरती पायवाट,
फरशी काळ्या दगडाची, टाकी मारलेली,
खूर धरेल अशी.
नांदरुकाभोवती माती,
आणि मातीभोवती काही नाही.
गाड्या अकरा.

साहेब विचारणार, पस्तिसाच्या अकरा कशा?
उत्तर लिहून ठेवलंय:
सर्वेक्षणाचं साधन, घागर, नग एक.
ते पाठवायचं धाडस होईल का, माहीत नाही.

नकाशावर दीड फूट म्हणजे दोन मिलिमीटर.
पेन्सिलीला टोक केलं,
तेवढीच एक रेघ आत सरकवली,
त्याला मला पाऊण तास लागला.

फाईल अजून वरच आहे.
पहाटे दूध घालताना राजाक्का विचारतात,
"दीडच राहिलं न्हवं?"
दीडच, मी म्हणते.
माप वर धरून, धार न सांडता,
त्या म्हणतात,
"बरं. उरलेलं दीड मी बघतो."