डावी सीट

तिसऱ्या हातातून माझ्या हातात आली तेव्हा
रंग पिवळा, असं आरसी बुकात होतं.
प्रत्यक्षात पिठल्यात पाणी जास्त झाल्यावर होतो तो.
दोनच सीटा. दिवे झोपलेले,
बटण दाबलं की उजवा उठायचा,
डावा विचार करायचा.

सहकारनगरात लोक विचारायचे, "ॲव्हरेज काय देते?"
मी सांगायचो. पुन्हा कुणी विचारायचं नाही.
करंदीकर एकदाच म्हणाले,
"एवढ्यात शिरवळला गुंठा आला असता,"
आणि टपावर हात ठेवून
बराच वेळ उभे राहिले.

स्पीडब्रेकर तिरका घ्यायचा,
पंगतीतून वाट काढावी तसा, अंग चोरून.
तरी पोट घासायचंच.
मागचा रिक्षावाला तेवढा वेळ
हॉर्न न वाजवता थांबायचा.
हे मी पुण्यात दुसरीकडे पाहिलेलं नाही.

भोसरीचा वाल्मीक गव्हाणे
बॉनेट उघडण्याआधी चपला काढायचा.
आदरानं नाही;
तळव्याला इंजिनाची थरथर कळते म्हणून.
हेड गॅस्केट जपानहून येईना
तेव्हा नाना पेठेतून तांब्याचा पत्रा आणून
त्यानं हातानं कापलं.
बिल बेअरिंगच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर.
ते सगळे पुठ्ठे मी ठेवलेत.
बेरीज केलेली नाही.

रविवारी पहाटे बोपदेव घाट.
दुसऱ्या गिअरात, काटा साडेचार हजारांवर गेला की
गाडी आपलं वय विसरायची.
मी माझं विसरत नव्हतो,
कंबर आठवण ठेवायची.

आणि तो आवाज.
डॅशबोर्डच्या आत कुठंतरी
कट्-कट्, सुपारी फोडल्यासारखा.
मी एकटा असलो की यायचा.
वसुधा शेजारी असली की गायब.
बुश बदलले. दाराचं अस्तर दोनदा उतरवलं.
"वहिनींना घाबरतो," वाल्मीक म्हणाला.
वसुधा म्हणायची, "हळू घे, गुडघा दुखतोय."
मी म्हणायचो, घाट संपू दे.

मग तिला बसता येईना.
बसलीच, तर उठता येईना.
जाहिरात दिली.

एकानं नुसता व्हिडिओ काढला.
एकानं विचारलं, सीएनजी बसेल का.
त्यानंतर वाघोलीचा तन्मेश सातव, वय सव्वीस,
सोबत वडील; त्यांनी टायर असे पाहिले
की टायरलाच लाज वाटावी.
मी सगळं सांगितलं:
क्लच शेवटच्या बोटावर आलाय,
पावसात छत चालवणाऱ्याच्या खांद्यावर गळतं,
डावा दिवा, तांब्याचं गॅस्केट.
"विकताय का तक्रार करताय?" वडील म्हणाले.

तन्मेश चालवायला बसला.
मी डावीकडे.
सात वर्षांत पहिल्यांदा.
पाय लांब होईनात.
गुडघा आपोआप वर आला आणि
ग्लोव्हबॉक्सखालच्या पट्टीला टेकला.
बिबवेवाडीचे एकूण एक खड्डे गेले,
आवाज नाही.
गुडघा काढला.
कट्.
टेकवला.
काही नाही.
पट्टीवर तेवढ्या जागी
प्लॅस्टिक गुळगुळीत झालेलं,
उंबऱ्याचा मधला भाग होतो तसं.

"काका, मघाशी काहीतरी वाजलं?"
"नाही," मी म्हणालो.
सगळ्या व्यवहारात एवढंच खोटं.

संगम पुलापाशी, आरटीओत,
फॉर्म एकोणतीस, फॉर्म तीस.
सहीच्या जागी फुल्या आधीच मारलेल्या.
रिक्षानं घरी आलो.
पार्किंगमध्ये भाकरीएवढा तेलाचा डाग,
त्यावर कुणाची तरी ॲक्टिव्हा.

वसुधा पाय स्टुलावर ठेवून
गरम पाण्याच्या पिशवीनं शेकत होती.
"गेली?"
"गेली."
"मुलाचं लग्न झालंय?"
"नाही."
"मग खडखडेल थोडे दिवस," ती म्हणाली,
आणि पिशवी गुडघ्याच्या
दुसऱ्या बाजूला फिरवली.