बावीस ओळी

जिनिंगच्या काट्यावर,
तुसानं पांढऱ्या झालेल्या कीबोर्डवर
मी बावीस ओळी लिहिल्या:
भरली गाडी, रिकामी गाडी, ओलावा, पावती.
तीन हंगाम चालू आहेत.

नागपूरचे साहेब वाकून पाहतात.
"कुमरेबाई, हे तर स्क्रिप्ट झालं. प्रोग्राम कुठाय?"

हे कोणी ठरवलं, कधी, मले नाही माहीत.
अंदाज आहे.
सुरुवातीला हिला सांगकाम्याचीच कामं असतील,
ही फाईल तिकडं ने,
रात्री दोनला उठ, मोठ्यांना जागं कर.

माझा बाप पिंपळखुट्याचा कोतवाल.
दवंडी त्याची, नोटीस त्याची,
पंचनाम्यात फीत धरणारा हात त्याचा.
सही तलाठ्याची.
कचेरीत त्याला कोणी "बसा" म्हटलं नाही.
काम सोपं दिसायचं,
कारण तो ते बोंब न मारता करायचा.

साहेब चहा न घेता निघाले.
वळताना त्यांची गाडी
काट्यावर घटकाभर थांबली.
पावती आपसूक निघाली:
अकराशे चाळीस किलो.
कापूस निरंक.

फाडली नाही मी.
फाईलला लावून ठेवली.