कधीच नाही

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
मोर अर्धा झाला आणि थांबला.
बारा सुया हवेत,
हिरवा रेशीमधागा ताणलेला,
आणि कॉम्प्युटर झोपलेला.

दांडिया बाजारच्या आमच्या गल्लीत
या वेळी कुत्रीसुद्धा कूस बदलतात,
त्याला एकट्याला काय बोलायचं?
पण नवरात्र अकरा दिवसांवर,
चाळीस चणिया-चोळ्या बाकी.
आधीच्या बुट्ट्या लहान होत्या, दहा मिनिटांत उरकायच्या,
म्हणून कळलं नव्हतं.
रमीलाबेन म्हणाल्या,
"हेमाताई, सुई परत त्याच भोकात नाय जात."
खरंय. मोराच्या गळ्याशी
केसाएवढी फट राहिली.
गिऱ्हाइकाला दिसणार नाही. मला दिसते.

सेटिंग उघडलं. पॉवर.
आपोआप झोप: दहा मिनिटांनी.
मी निवडलं, कधीच नाही.
त्यानं मान डोलावली.
खिडकी मिटली, पुन्हा उघडली.
दहा मिनिटांनी.

अशी माणसं सोयरिकीत पुष्कळ पाहिली आहेत.

किरीटभाईंनी वायर हलवली,
यूपीएसला कान लावला,
शंभर रुपये घेतले आणि म्हणाले, "मशीन बराबर छे."
मग पुण्याला अंगदला फोन.
भाचा माझा, दिवाळीत यानंच लिनक्स घालून दिलं होतं,
'फुकट आहे मावशी, कुणाच्या बापाचं नाही' म्हणत.
म्हणाला, काळी खिडकी उघड,
सांगतो ते अक्षर न् अक्षर टाइप कर,
मधल्या जागेसकट.

केलं. चष्मा पुसून वाचलं.
हेमलता नावाचं एक घर,
घरात कपाटं, कपाटांत खण,
आणि त्यातल्या एका खणावर मालक म्हणून
माझं नाव नव्हतं.
रूट, असं लिहिलं होतं.

"अरे हो," तो हसला,
"जुन्या मशीनवरून तुझं सामान हलवताना
मी रूट होऊन उचललं,
उतरवल्यावर नाव फिरवायचं राहिलं.
तू वाचू शकतेस गं. लिहू शकत नाहीस."

म्हणजे दिवाळीपासून मी जे जे सांगत आले,
उजेड कमी कर, अक्षर मोठं कर, झोपू नकोस,
ते सगळं तो ऐकत होता.
टिपून घ्यायची वही मात्र दुसऱ्याची.

मी गप्प राहिले.
समोर खिळ्याला वीजबिल लोंबत होतं,
श्री. दत्ताजीराव मालोजी शिर्के.
सासरे जाऊन सव्वीस वर्षं झाली.
भरते मी, दर दोन महिन्यांनी.
एकदा खिडकीवर विचारलं होतं नाव बदलायचं,
तिथल्या पोरानं सात कागद सांगितले.
त्यातले तीन दिरांकडे.

इथं एका ओळीत काम झालं.
पासवर्ड मागितला. टाइप करताना
ठिपकेसुद्धा उमटत नाहीत,
डोळे मिटून कुणाच्या ओटीत काही घालावं तसं.
एंटर.
काहीच झालं नाही.
अंगद म्हणाला, काही न होणं म्हणजेच झालं.

सेटिंग. पॉवर. कधीच नाही.
मिटलं. उघडलं.
कधीच नाही.

तिसऱ्या रात्री परत झोपला, ती गोष्ट वेगळी.
रमीलाबेनचा मुलगा माझ्या नावावर पत्ते खेळतो,
म्हणून 'यूजर बदला' करून मी जेवायला गेले होते.
तर नाव विचारणारी जी पहिली पाटी असते,
तिची म्हणे स्वतःची निराळी झोप असते,
घरातल्या माणसांना न विचारता ती सगळं घर निजवते.
तिलाही जाऊन सांगावं लागलं.

आता मशीन रात्रभर खडखडतं.
मोर, वेल, मोर, वेल.
गरज नसताना मी अधूनमधून काळी खिडकी उघडते,
ती यादी पुन्हा मागते,
आणि प्रत्येक खणापुढचं नाव
बोट ठेवून वाचते.

सातपैकी चार कागद काढून ठेवलेत.
जरीच्या डब्यात, रिळांखाली.