घरटी एक पोफळ

तालुक्याहून फॉर्म आला.
प्रश्न सतरावा : गावात एकोपा आहे काय?
पुढे दोन चौकोन, आहे आणि नाही,
नखाएवढे.
पंचायतीत लिपिक मी, बावीस वर्षं झाली.
जन्म, मरण, घरपट्टी,
सगळं चौकोनात बसवत आले.
हे बसेना.

म्हणून खाडीच्या फाट्याकडे बघत राहिले,
जिथं साकव असायचा.
दर पावसात वाहून जायचा,
दिवाळीनंतरच्या रविवारी पुन्हा बांधायचा.
घरटी एक पोफळ, घरटी एक माणूस.
शेवंती खोबरेकरणीचा नवरा बोटीवर गेला तो आला नाही,
तर तिची किटली माणसांत धरत.
जुन्या वहीत तसंच आहे :
खोबरेकर, एक किटली, हजर.

मेढी रोवायच्या त्या ओहोटीत,
आणि ओहोटी असते किती?
तेवढ्यात कोण भांडणार!
भांडणं भरतीला ठेवून देत.

तुळाजी धुरी अल्याडचा, कासम बोरकर पल्याडचा.
दोघांचं बोलणं बंद.
उसनं नेलेलं होडीचं इंजिन
खारं पाणी पिऊन परत आलं होतं,
सत्याऐंशी साली.
पण मधली गाठ दोघांनी मारायची असते
आणि ती येत होती याच दोघांना.
काथ्याचं एक टोक याच्या मुठीत, एक त्याच्या.
‘वड,’ तुळाजी म्हणे.
‘सोड,’ म्हणे कासम.
झालं वर्षाचं बोलणं.

मग इझाबेल डिसोजा.
गावातली सर्वांत वजनदार बाई
पहिली चालायची, हा कायदा.
साकव कुरकुरे, पोरं श्वास धरत,
मधोमध थांबून ती मुद्दाम एक उडी मारी.
दोन्ही काठांवरून शिव्या.
ती पोचली की साकव पास.

नऊ वर्षांपूर्वी सिमेंटचा पूल झाला.
रडगाणं गाणार नाही मी.
त्याच पुलावरून रात्री दोनला
इझाबेलला रिक्षात घालून नेली, म्हणून ती आहे.
पूल हवाच होता.
फक्त आता पलीकडे जायला
कुणाला काही मागावं लागत नाही.
पेडणेकरांकडे कोण आजारी आहे
ते मला दाखल्याच्या अर्जावरून कळतं.
आणि तो रविवार
नुसता रविवार झाला.

गेल्या मार्गशीर्षात चिऱ्यांच्या डंपरनं कठडा तोडला.
निवेदन मीच टाईप केलं, तीनदा.
निविदा काढण्यात येईल, असं उत्तर आलं,
तेही तीनदा.
शाळेची पोरं त्या भगदाडाला खेटून जात.

परवा फॉर्म पिशवीत घालून घरी निघाले
तर पुलावर कासम, ऐंशीचा, कमरेला कोयता.
बांबूचं एक टोक बांधून झालं होतं,
दुसऱ्याला हात पुरत नव्हता.
हाक मारत नव्हता कुणाला.
नुसता उभा.

तुळाजी छत्री टेकत आला.
बांबूकडे बघितलं, खाडीकडे बघितलं,
पुन्हा बांबूकडे.
छत्री कठड्याला लावली.
‘वड.’
पाण्यावरून एक बगळा उठून गेला.
‘सोड.’

गाठ बसली. कुणी कुणाकडे बघितलं नाही.
शेवंतीची सून, तिनं साकव पाहिलेलाही नाही,
ती किटली घेऊन आली आणि तीन कप.
तिसरा माझा होता.

फॉर्म पाठवला. चौकोन सोडून
समासात लिहिलं :
कठड्याला बांबू बांधला.
बोरकर, धुरी, हजर.
खोबरेकर, एक किटली.

आज परत आलाय, लाल शाईचा शेरा घेऊन :
योग्य त्या चौकोनात खूण करावी.

करते, साहेब.
आधी रविवारी इझाबेल येऊन
त्या बांबूला टेकून उभी राहू दे.