अकरा

रिपोर्टवर नाव बरोबर छापलंय, खळदकर दामोदर,
आणि त्याखाली, जाड अक्षरात: अकरा.
तीस तरी हवं होतं म्हणे.
दहावीला गणितात मला असंच काहीसं पडलं होतं.

डॉक्टर शेवड्यांनी गुडघ्याचा एक्स-रे
दिव्याच्या पेटीवर लावला.
सवयीने मी आधी कडा पाहिल्या.
"हाड पांढरंशुभ्र दिसायला हवं, हे बघा, राखाडी."
एक्स्पोजर कमी पडलंय, मी म्हणालो.
ते हसले.
मी विनोद केला नव्हता.

बुधवारातल्या एका बोळात, चौतीस वर्षं,
सकाळी नऊ ते दिवेलागण,
लाल बल्बखाली मी पुण्याची लग्नं ट्रेमध्ये हलवली.
आधी केस उमटायचे, मग डोळे,
मुंडावळ्या सगळ्यांत शेवटी.
दारावर पाटी, माझ्याच हातची:
उजेड आत आणू नये.
पुण्यात पाट्या लावणारे पुष्कळ.
ही मी पाळली.

आता ऑपरेशन दोन महिने पुढे.
दर रविवारी दुधातून पुडी, साठ हजार युनिट,
आणि रोज ऊन.
ऊन!
दाराच्या फटीतून बोटभर शिरून
ज्याने माझे कागदाचे खोकेच्या खोके काळे केले,
त्याच्याच दारी गुडघे घेऊन जायचं.

धनकवडीत आमच्या वाट्याला ते येतं
दहा पन्नास ते अकरा पंचवीस,
समोरच्या टॉवरने सोडलं तेवढं,
पानशांच्या स्कूटरच्या जागेवर.
कुमुद खुर्ची सरकवत राहते त्याच्यामागे.
लेंगा मांडीपर्यंत दुमडून मी बसतो,
बायामाणसं जातात येतात, लाज वाटते.
मनात आकडे चालू: सात, आठ, नऊ,
आता झाकायला हवं,
हात आपोआप उठतो.
"बसा हो," कुमुद म्हणते, "तुम्ही काही खराब होत नाही."

आज पुन्हा तपासणी. लॅब तळघरात.
सुई टोचणारी मुलगी, बिल्ल्यावर प्रणिता,
विचारते, ऊन घेताय ना काका?
घेतोय. तुझं किती?
ती ट्यूबलाइटकडे बघते.
"नऊ,"
आणि माझ्या नावाची चिठ्ठी नळीवर चिकटवते,
नीट, बुडबुडा न ठेवता.

काठी टेकत बाहेर आलो.
पायऱ्यांवरून ऊन दारापर्यंत उतरलेलं.
दार मी मागे लोटून घेतलं, पटकन,
फट न ठेवता.
मग आठवलं.
मग पुन्हा उघडलं.