टंच

आमच्या हुपरीत चांदीचा टंच काढतात.
मूस, आच, थोडं आम्ल,
आणि आबा चिमट्यातला तुकडा बघून आकडा सांगायचे.
आकडा सांगितला की भांडण मिटायचं.

माझ्या अंगाला आकडा नव्हता.
बाराव्या वर्षापासून नुसता वास,
आणि त्याला गावानं ठेवलेली नावं.

आमच्या घरात अंडं येत नाही.
सूर्य बुडायच्या आत ताटं धुऊन पालथी.
तरी बस्तीत, दर्शनाच्या रांगेत,
मागची बाई पदर नाकाला लावून म्हणाली,
"मगदुमाची पोर चोरून मासळी खाती का काय गं?"
मासा मी पाहिला होता तो पंचगंगेत,
जिवंत, आणि दुरून.

मग साबण. मग कडुलिंब.
लिंबाच्या फोडी, काख चरचरेपर्यंत.
इचलकरंजीत दोन दाढा काढून झाल्या.
एकानं विचारलं, रोज आंघोळ करता ना?
तीनदा करत होते.
चौथीसाठी आई न विचारता बंब पेटवायची.

कोल्हापुरात, शाहूपुरीच्या गल्लीत,
डॉक्टर शर्वरी इंगवले खुर्ची मागं न सरकवता म्हणाल्या,
"वाल, सोयाबीन खाल्लं की वाढतो?"
आजवर सगळे मलाच विचारत आले.
वासाची चौकशी पहिल्यांदाच झाली.
"कातडीला काय कळतंय," त्या म्हणाल्या,
"लघवीला विचारू."

दोन बाटल्या.
एक रोजच्या जेवणाची,
एक पावडर घेतल्यानंतरची, यकृताला कामाला लावून.
रात्रभर फ्रीजमध्ये, दह्याच्या भांड्यामागं,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली मी.

लॅबमधल्या जमीर मुल्लानं आम्लाचे थेंब सोडले.
"न्हाईतर उडून जातंय, ताई, जे मोजायचं तेच."
मला हसू फुटलं.
सतरा वर्षं मी त्याला उडून जा म्हणत होते,
आणि हा माणूस त्याला धरून ठेवत होता, हळू हातानं,
आबा धरायचे तसा.
बर्फ, थर्माकोल, चिकटपट्टी.
खोक्यावर माझं नाव, वय एकोणतीस.

तीन आठवड्यांनी कागद आला.
यकृतात म्हणे एक कारागीर असतो.
आतड्यातून आलेल्या वासाच्या कणाला
प्राणवायूचा मुलामा देतो, की तो गप्प.
माझा कारागीर जन्मापासूनच हात आखडता.
अर्धा दोष आबांकडून, अर्धा आईकडून,
आणि दोघांनाही ठाऊक नाही.
शंभरातले पंचाण्णव तरी गप्प बसायला हवेत.
माझे एकसष्ट.

औषध असं काही नाही.
वाल बंद, एक वेगळा साबण, पिवळ्या गोळ्या.
कमी होईल. जाणार नाही.

परतीच्या बसमध्ये उचगावला एक बाई शेजारी बसली,
मुडशिंगीला उठून मागं गेली.
मी खिडकी उघडली नाही.

"एकसष्ट," मी आईला सांगितलं.
ती कारागिराची बायको. बोटांवर तूट मोजली.
"निम्म्या गावाच्या पायात याहून हलके पैंजण हाईत," म्हणाली,
आणि दोघी हसलो, नको इतक्या.

मग उठली. बंबातलं पेटतं लाकूड ओढून
अंगणात टाकलं, तांब्याभर पाणी ओतलं.
धूर झाला.
बराच वेळ घरभर
त्याचाच वास होता.